पाच आठवड्यांत मियाटा ओरिजनल करू, रंगवून घेऊ, की शोला जाऊच नको?

पत्र थोडक्यात असं: न्यू जर्सीत राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंनी तीन वर्षांपूर्वी १९९२ची लाल माझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची छोटी उघडी स्पोर्ट्सकार, विकत घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात बरेच बदल केलेले. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) टाकून गाडी खाली बसवलेली, पंधरा इंची काळी चाकं, आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीचा) एक्झॉस्ट, सीटमागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप) आणि लाकडी स्टीअरिंग. काढलेले मूळ पार्ट त्याने खोक्यांत भरून सोबत दिले, ते गॅरेजमध्ये आहेत. ताईंनी व्हिडिओ बघून क्लचचा स्लेव्ह सिलेंडर बदलला, नंतर नवीन सॉफ्ट टॉप, म्हणजे घडीचं छप्पर, पण बसवला. आता पाच आठवड्यांनी गावच्या फायर डिपार्टमेंटच्या मैदानावर कार शो आहे. बॉनेटचा लाल रंग उडून गुलाबीसर झालाय, रंगवाल्याने साडेपाच हजार डॉलर सांगितलेत. पुण्याहून आलेले दीर म्हणतात, "वहिनी, खोक्यातले पार्ट लावून सगळं ओरिजनल करून टाका, मॉडिफाइड गाडीला कोण विचारतंय." ताई लिहितात, "पंपावर गॅस (पेट्रोल) भरणारा माणूससुद्धा विचारतो ही हजबंडची गाडी का. शोमध्ये कोणी टेक्निकल काही विचारलं तर मी काय सांगणार, मी काही मेकॅनिक नाही. तेरा वर्षांच्या मुलीने मात्र शोसाठी नाव नोंदवायचा हट्ट धरलाय. काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात स्लेव्ह सिलेंडरचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय आणि "मी मेकॅनिक नाही" हे मात्र दोन ठिकाणी लिहिलंय, म्हणून मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. गाडी जॅक स्टँडवर चढवायची, खाली झोपून सिलेंडर काढायचा, नवा बसवायचा, मग कोणालातरी क्लच दाबायला बसवून लाइनमधली हवा काढायची, हे ज्या बाईने केलंय तिला गाडीबद्दल विचारलेल्या प्रश्नांची भीती वाटायचं कारण नाही. आणि सॉफ्ट टॉप तर त्याहून किचकट काम, ते जुने रिव्हेट काढा, नवीन रेन रेल (पावसाचं पाणी ड्रेनकडे नेणारी पट्टी) नीट बसवा, ती जरा वाकडी बसली तर पावसाचं पाणी थेट सीटमागे. शोमध्ये दहा-वीस लाख खर्चून दुसऱ्याकडून गाडी बनवून घेतलेले लोक येतात, त्यांच्यातल्या कित्येकांनी यातलं एकही काम स्वतःच्या हाताने केलेलं नसतं. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, पुढचा सगळा सल्ला यावरच उभा आहे.

आता दिरांचं बघू. त्यांचं म्हणणं उगीच नाही, ते ज्या जगातून बघतात तिथे ते बरोबरच आहे. आपल्याकडे जुन्या गाड्यांची रॅली म्हटलं की व्हिंटेज आणि क्लासिक गाड्या डोळ्यासमोर येतात आणि तिथे मूळ रूपालाच मान. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले त्यातही ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, मोठे बदल न केलेली गाडीच बसते. तेव्हा पुण्यातल्या माणसाला जुनी गाडी म्हणजे ओरिजनल असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण तुमची गाडी त्या जातीची नाही आणि तुमचा शो पण तसा नाही.

मियाटाचं थोडं सांगते, कारण हे तुम्हाला शोमध्ये बोलताना पण उपयोगी पडेल. ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या ऑटो शोमध्ये. किंमत होती १३,८०० डॉलर, इंजिन १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास. इंग्लंडच्या त्या जुन्या छोट्या उघड्या स्पोर्ट्सकार, लोटस एलान वगैरे, त्यांची मजा हवी पण तेलगळती आणि रोजची डोकेदुखी नको, अशी ती कल्पना. कॅलिफोर्नियातल्या माझदाच्या डिझाइन स्टुडिओत तिचं रूप ठरलं, जपानात तोशिहिको हिराई यांच्या टीमने ती प्रत्यक्षात आणली. आणि आता मुद्द्याची गोष्ट, त्याच शिकागोच्या शोमध्ये माझदाने साध्या मियाटाच्या जोडीला एक पिवळी, रुंद फेंडरची (चाकांवरच्या पत्र्याची), स्पॉयलर लावलेली, पॉप-अप लाइट (बॉनेटमधून वर उघडणारे दिवे) काढून टाकलेली मियाटा पण ठेवली होती, नाव होतं क्लब रेसर. म्हणजे कंपनीनेच साधी आणि मॉडिफाइड अशा दोन्ही गाड्या एकाच वेळी लोकांसमोर मांडल्या. या गाडीत बदल करणं म्हणजे तिचं मूळ रूप बिघडवणं, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त मियाटा बनल्या आणि त्यातल्या कितीतरी मालकांनी पहिल्या दिवसापासून त्यांत काही ना काही केलं. तुमच्या आधीच्या मालकाने जे केलं ते या गाडीच्या इतिहासातच बसतं.

बरं, समजा तरीही ओरिजनल करायचं ठरवलं, तर पाच आठवड्यांत काय होईल? चाकं बदलाल, स्टीअरिंग बदलाल, मफलर बदलाल. कॉइलओव्हर आणि रोल बार राहतीलच, कारण ते काढायला, नंतर अलाइनमेंट करायला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात. मग खाली बसवलेल्या गाडीवर चौदा इंची मूळ चाकं, चाक आणि फेंडरमधली जागा विचित्र दिसणार, सीटमागे रोल बार तसाच, आणि परीक्षक तुम्हाला तरीही मॉडिफाइडमध्येच टाकणार. आत्ता तुमच्या गाडीकडे बघून कळतं की कोणीतरी एक विचार करून हे केलंय, तो विचार तुम्ही अर्धा पुसून टाकाल आणि त्याच्या जागी दुसरा पूर्ण येणार नाही. खोक्यातल्या चाकांवर टायर असतील तर त्यांच्या बाजूवर DOT अक्षरांपुढच्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा, त्यातले पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढचा टायर दिसायला कितीही चांगला असला तरी त्यावर गाडी रस्त्यावर आणू नका, आणि ही तपासणी आत्ता लावलेल्या टायरची पण आजच करा.

स्टीअरिंगचं मात्र वेगळं आहे, ते मला खरंच महत्त्वाचं वाटतं. तुमच्या वर्षाच्या अमेरिकन मियाटात ड्रायव्हरसाठी एअरबॅग मूळ स्टीअरिंगमध्येच होती. लाकडी स्टीअरिंग बसवलंय म्हणजे ती गेली. शोसाठी ते सुंदर दिसतं, ठेवा, पण तुम्ही मुलीला घेऊन हायवेवर जाता तेव्हा आपल्यासमोर एअरबॅग नाही हे माहीत असूनच जायला हवं, आणि डॅशवरचा एअरबॅगचा दिवा बंद राहावा म्हणून वायरिंगमध्ये काय केलंय हे कोणातरी जाणकाराकडून बघून घ्या. पुढे कधी मूळ स्टीअरिंग परत लावायचं झालं तर ते स्वतः करू नका. तीस वर्षं जुनी एअरबॅग म्हणजे स्फोटकच ते, बॅटरी काढून, थांबून, माहितीतल्या माणसाकडूनच करून घ्यायचं काम आहे. तसंच रोल बारचं. हेल्मेट न घालता रोजच्या रस्त्यावर गाडी चालवताना मागचा बार डोक्याच्या जवळ असतो, मागून धक्का बसला तर डोकं त्यावर आपटू शकतं. म्हणून त्यावर दाट, कडक फोमचं रोल बार पॅडिंग हवंच, पाइपवर लावतात तो मऊ काळा फोम चालत नाही. थोडेफार पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा.

खोकी मात्र विकू नका हं. प्रत्येक पार्टला चिठ्ठी लावा, फोटो काढा, कोरड्या जागी ठेवा. ओरिजनल करायचा रस्ता काही बंद होत नाही. माझदाने स्वतः २०१७ मध्ये जपानात या पहिल्या पिढीच्या गाडीसाठी रिस्टोरेशनची योजना जाहीर केली आणि बंद झालेले काही पार्ट परत बनवायला घेतले, सॉफ्ट टॉपपासून टायरपर्यंत. दोन वर्षांनी वाटलं तर तेव्हा सावकाश, पूर्ण, मनासारखं करा.

आता रंग. साडेपाच हजार डॉलरबद्दल माझं स्पष्ट मत आहे, आत्ता नको. पैसे जास्त की कमी हा भाग सोडाच, वेळेचंच गणित बसत नाही. चांगलं रंगकाम म्हणजे लाइट, ट्रिम, बंपर काढणं, जुना रंग घासणं, मग रंग, मग तो पक्का होईपर्यंत थांबणं. नवीन रंगावर साधारण एक ते तीन महिने वॅक्स लावू नका असं रंगवालेच सांगतात. म्हणजे शोच्या दिवशी तुमच्याकडे कोवळा रंग असणार आणि त्याला नीट पॉलिशही करता येणार नाही. त्यात बॉडी शॉपने दिलेली तारीख पुढे जातेच, आणि गाडी त्यांच्याकडे अडकली की शो गेला. लग्न तोंडावर आलेलं असताना घराला रंग काढायला घ्यावा तसं होईल ते.

आणि मला तर वाटतं तुमच्या रंगाला अजून जीव आहे. त्या काळातला माझदाचा क्लासिक रेड सिंगल स्टेज रंग असायचा, म्हणजे वरती क्लिअर कोटचा (पारदर्शक) थर नाही. असा लाल उन्हाने वरवर सुकतो, पांढुरका-गुलाबी पडतो, पण खाली लाल शिल्लक असतो. खात्री करायला एक पांढरं फडकं घ्या, त्यावर थोडं पॉलिश लावून बॉनेटच्या कोपऱ्यात नजरेआड असलेल्या जागी हळू घासा. फडक्यावर लाल रंग आला तर समजा सिंगल स्टेज आहे आणि घाबरू नका, तो सुकलेला थरच निघतोय. फडकं पांढरंच राहिलं तर कधीतरी गाडी परत रंगवलेली आहे आणि वर क्लिअर आहे, तो क्लिअरच सोलत असेल तर मग पॉलिशने काही होणार नाही, त्या एका बॉनेटपुरता विचार हिवाळ्यात करा. अजून एक, या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे चुंबक लावून पुटी भरलीये का बघायची जी युक्ती लोक सांगतात ती तिथे चालणार नाही, चुंबक तसंही चिकटणार नाही, उगाच टेन्शन घेऊ नका.

सिंगल स्टेज निघाला तर घाई न करता असं करा. सावलीत, गाडी थंड असताना, दोन बादल्यांनी धुवा, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. मग थेट कडक कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट) लावायची घाई नको, आधी सुकलेल्या रंगाला तेल पाजायचं. यासाठी जुने लोक मेग्वायर्सचं नंबर ७ ग्लेझ वापरतात, टर्किश टॉवेलच्या तुकड्याने भरपूर लावायचं, चोळायचं, रात्रभर तसंच राहू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं, गरज वाटली तर परत. त्यानंतर सौम्य पॉलिश, मग वॅक्स. बॉनेटच्या कडा, दाराच्या कडा, पॉप-अप लाइटच्या झाकणाच्या धारा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मशीन लावू नका, हातानेच हलकं. पुढचा बंपर प्लास्टिकचा आहे, त्यावरचा रंग पत्र्यापेक्षा वेगळा उतरलेला असतो, म्हणून पॉलिश झाल्यावर बॉनेट आणि बंपर एकमेकांशी तंतोतंत जुळणार नाहीत. ते तसंच राहू द्या. तीस वर्षांच्या गाडीत ते परीक्षकाला अपेक्षितच असतं. पेबल बीचसारख्या मोठ्या शोमध्ये सुद्धा न रंगवता जपून ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळा प्रिझर्वेशन क्लास असतो, वयाच्या खुणांना किंमत असते.

मग परीक्षक बघतात तरी काय? सगळ्यात आधी आयोजकांना आज-उद्याकडे ईमेल करा आणि विचारा, गाड्यांचे क्लास कसे आहेत, दशकाप्रमाणे का कंपनीप्रमाणे, मॉडिफाइड वेगळा आहे का, आणि मार्क परीक्षक देतात की आलेले लोकच मतदान करतात. गावच्या शोमध्ये बऱ्याचदा लोकांचंच मतदान असतं आणि मग गाडीपेक्षा मालक किती बोलतो यानेही फरक पडतो. परीक्षक असतील तर साधारण बाहेरून, आतून, इंजिन, चाकं आणि कामाची सफाई असं बघतात. मॉडिफाइडमध्ये त्यांची नजर जिथे जाते तिथे आपली सहसा जात नाही: वायरी बांधलेल्या आहेत का लोंबतायत, रोल बारचे बोल्ट एकसारखे आहेत का, दाराच्या फटीत आणि बिजागराशी मळ आहे का, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची काळी धूळ आहे का. एक्झॉस्टचं टोक बंपरमधल्या खाचेच्या मधोमध बसलंय का तेही. काम कोणत्या ब्रँडचं यापेक्षा ते कसं बसवलंय हे ते बघतात. तुमच्याकडचे बदल आहेत तेवढेच ठेवा, नवीन एकही पार्ट मागवू नका. जे लावलंय तेच नीट, स्वच्छ आणि घट्ट करा. माझा सगळा सल्ला एका ओळीत हवा असेल तर तो हाच.

पहिल्या रविवारी काहीच दुरुस्त न करता फक्त गाडी धुवून, चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढून, मुलीला वही घेऊन बसवा आणि सापडेल ते लिहून काढा. त्याच दिवशी सॉफ्ट टॉपचे ड्रेन बघा, दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या मागे असतात, बाटलीने हळू पाणी ओता आणि मागच्या चाकाच्या पुढे खालून बाहेर येतंय का बघा. येत नसेल तर प्लास्टिकच्या लवचिक वायरने मोकळं करा, जोर लावू नका. न्यू जर्सीतल्या हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ आणि हे तुंबलेले ड्रेन, या दोघांनी मिळून मियाटाच्या दाराखालच्या सिलला गंज लागतो आणि तो आतून बाहेर येतो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही टॉप नवीन बसवलाय म्हणून हे जास्त बघायला सांगतेय.

पुढचा आठवडा मशीनचा. इंजिनच्या मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सरच्या (इंजिनचं टायमिंग मोजणाऱ्या भागाच्या) ओ-रिंगमधून तेल झिरपणं हे या इंजिनचं जुनं दुखणं, रिंग चार पैशाची आहे, पण सेन्सर काढण्याआधी त्याची जागा खूण करून ठेवा नाहीतर टायमिंग हलेल. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो, आधीच्या मालकाची पावती आहे का बघा. इंजिन बे धुताना प्रेशर वॉशर लावू नका, स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचतं आणि गाडी अडखळायला लागते. ओलं फडकं, ब्रश आणि थोडं डीग्रीजर, सावकाश, पुरे. बॅटरी डिकीत आहे, ती व्हेंट (वाफ बाहेर नेणारी नळी) असलेली किंवा सीलबंद एजीएम (ॲसिड न सांडणारी) प्रकारचीच हवी, साधी बॅटरी कोणी टाकली असेल तर डिकीत ॲसिडची वाफ साचून पत्रा खाते. चाकांचे नट टॉर्क रेंचने बघा. मग ब्रेक, दिवे, आणि पॉप-अप एका लयीत वर येतात का. एखादा अडकला तर बॉनेटखाली हाताने फिरवायची घुंडी असते, ती कुठे आहे ते मुलीला दाखवून ठेवा.

रंगाला त्यापुढचा आठवडा पूर्ण द्या, आणि आतलं काम मुलीला द्या. तिने हट्ट धरलाय ना, मग सीट, कार्पेट, दाराचे पॅड आणि डॅश तिचं खातं. डॅशवर चकचकीत तेलकट स्प्रे मारू देऊ नका, उन्हात काचेवर उमटतो आणि हाताला चिकट लागतो, साधा मॅट क्लीनर बरा. मागची प्लास्टिकची काच धूसर असेल तर प्लास्टिक पॉलिशने बरीच उजळते. आणि टॉप खाली करण्याआधी काचेची झिप उघडायचीच, थंडीत तर नाहीच दुमडायची, हे तुम्हाला माहीत असणार पण मुलीला शिकवा, शोमध्ये कोणी "टॉप खाली करून दाखव" म्हटलं की घाईत काच मोडते. शेवटच्या आठवड्यात मात्र कुठलाही नट सैल करायचा नाही. फक्त एक बऱ्यापैकी लांब फेरी मारून या, ऐका, वास घ्या, घरी आल्यावर खाली पुठ्ठा टाकून तेलाचे थेंब बघा.

या सगळ्याइतकंच महत्त्वाचं मला गाडीजवळ ठेवायचं कार्ड वाटतं. एक पान पुरे. वर्ष, मॉडेल, इंजिन, मग काय बदललंय, कोणी बदललं. आधीच्या मालकाने काय केलं ते त्याच्या खात्यावर लिहा, नाव नाही लिहिलंत तरी "आधीच्या मालकाने" एवढं लिहा, आणि तुम्ही केलेलं तुमच्या खात्यावर, स्लेव्ह सिलेंडर आणि सॉफ्ट टॉप ठळक अक्षरात. टॉप बसवतानाचे फोटो असतील तर चार फोटो चिकटवा. मूळ चाकांचा आणि स्टीअरिंगचा फोटो पण लावा आणि लिहा की सगळे मूळ पार्ट जपून ठेवलेत, जाणकार माणूस ते वाचून खूश होतो. यातून अजून एक होईल, "हजबंडची गाडी का" हा प्रश्न ज्याला पडलाय त्याला कार्डावरच उत्तर मिळेल. आणि तोंडावर कोणी विचारलंच तर सरळ सांगा, "माझी आहे, टॉप मीच बसवलाय, बघा ना." चिडायची गरज नाही आणि हसून सोडून द्यायची पण नाही, तुम्ही तुमच्या कामाबद्दल बोलायला लागलात की बहुतेक माणसं पुढचा प्रश्न कामाचाच विचारतात. एखादं उत्तर नाही आलं तर "ते आधीच्या मालकाने केलंय, मला बघून घ्यावं लागेल" हे पूर्ण उत्तर आहे. तिथे उभे असलेले जुने लोक स्वतःहून सांगायला लागतात, ऐकून घ्या, लिहून घ्या, शोला जायचं निम्मं सुख त्यातच आहे.

शोच्या दिवशी लवकर पोचा. बऱ्याच ठिकाणी आधी येणाऱ्या ठरावीक गाड्यांना आठवणीची छोटी पाटी मिळते, डॅश प्लॅक म्हणतात, शिवाय सावलीची जागा. मायक्रोफायबरची फडकी, क्विक डिटेलर (धूळ पुसायचा स्प्रे), घडीच्या खुर्च्या, टोप्या, पाणी, आणि डबा घरचाच न्या, पोळीभाजी नाहीतर थेपले, दिवसभर हॉट डॉगवर निघत नाही. मैदानात शिरताना आणि निघताना चालायच्या वेगाने, एक्झॉस्टचा आवाज ऐकवायला इंजिन रेव्ह करायचं नाही, कोणी आग्रह केला तरी नाही, कारण मॉडिफाइड गाडीवाल्यांबद्दल आयोजकांच्या मनात जी अढी असते ती याच एका गोष्टीमुळे. बक्षिसं होईपर्यंत थांबा, मधेच गाडी काढायची झाली तर मुलं-माणसं फिरत असतात. आणि शोआधी विमा कंपनीला एक फोन, जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत गाडीची किंमत आधीच ठरवून लिहितात, त्यात हे बदललेले पार्ट धरलेत का ते विचारा. धरलेले नसतील तर काही झाल्यास भरपाई फक्त साध्या गाडीची मिळेल.

भारतात राहून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण तुमच्यापैकी कोणाकडे जुनी पालिओ असेल, कोणाकडे एस्टीम. आपल्याकडचा कायदा बराच कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल, यांचा अर्थ असा की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे शो मैदानात असला तरी तिथपर्यंत जायचा रस्ता आहेच, आधी आरटीओत विचारा, आणि जमेल तिथे परत काढता येतील असेच बदल करा, मूळ पार्ट जपून ठेवा. बाकी धुणं, पॉलिश, कार्ड, ड्रेन, टायर हे सगळं तुम्हालाही जसंच्या तसं लागू आहे.

ताई, शेवटचं रंगाचं. शो झाल्यावर आयोजकांकडे परीक्षकांची मार्कांची शीट मिळते का विचारा, काही ठिकाणी देतात. त्यात रंगाला किती मार्क गेले आणि कामाला किती ते बघा. त्यानंतरही बॉनेट मनाला टोचत असेल तर नोव्हेंबरात, गाडी हिवाळ्यासाठी आत ठेवायच्या आधी, दोन-तीन ठिकाणांहून फक्त बॉनेटचा आणि पूर्ण गाडीचा असे वेगळे आकडे मागा, त्यांनी आधी रंगवलेल्या सिंगल स्टेज लाल गाड्या बघायला मागा, आणि दिरांनाही सोबत न्या, त्यांची नजर ओरिजनल रंगाला तयार झालेली आहे, तिथे ती उपयोगाला येईल. तोवर साडेपाच हजारांतले थोडे रोल बारच्या पॅडिंगला आणि टायर जुने निघाले तर टायरला. शोसाठी नाव मात्र या आठवड्यातच नोंदवा.